व्हरांड्यापलीकडची खोली

दूध उतू गेलं, शेगडी विझली आणि गॅस सुरूच राहिला. मी ओट्याखाली फरशीवर पडले होते. माझ्याजवळ जवसाच्या तेलाचा जुना डबा आडवा झाला होता. त्यात तेल नव्हतं. दोन हातांवर, उंबऱ्यापलीकडे, चटईवर माझी नात झोपली होती. दोन वर्षांची. दाराला आतून कडी होती. सकाळचे साडेदहा वाजले होते.

यातलं मला काहीच आठवत नाही. लेकीनं सांगितलं. एकदाच सांगितलं, पण अशा आवाजात की ते मला पाठ झालं.

लेक धंतोलीतल्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला आहे. कामावर जाताना ती पोरीला महाल वस्तीत माझ्याकडे सोडायची. त्या दिवशी चष्मा माझ्या घरी विसरला म्हणून ती अर्ध्या वाटेतून परत आली. दाराशीच तिला वास आला. तिनं हाका मारल्या, दार ठोकलं. शेजारीण उलथणं घेऊन धावत आली, तिनं ते फटीतून आत घातलं आणि कडी उचलली. लेकीनं दिव्याच्या बटणाला हात लावला नाही, तेवढं तिला समजत होतं. आधी पोरीला उचलून शेजारणीच्या हातात दिलं. मग गॅस बंद केला. मग खिडक्या उघडल्या. सगळ्यात शेवटी मला पाय धरून ओढत बाहेर आणलं. क्रम बरोबर होता. तिच्या जागी मीही हेच केलं असतं.

शेजारीण म्हणाली, "चक्कर आली असन वं मायले. साखर कमी झाली असन."

लेकीनं वाकून माझ्या तोंडाचा वास घेतला. मग आत जाऊन डबा आणला, हुंगला आणि त्यात उरलेलं सगळ्या गल्लीसमोर नालीत ओतलं.

आता त्या डब्याचं सांगते. मी खाप्याची. चौथी पास झाले तेव्हा शाळा सुटली, पुढे लग्न होऊन महालात आले. नवऱ्याची सावजी जेवणाची खानावळ होती. मसाला भाजणं आणि रस्सा करणं माझ्याकडे, वाढणं त्याच्याकडे. आम्ही दारू विकत नव्हतो. पण काही गिऱ्हाइकं खिशात क्वार्टर घेऊन यायची आणि टेबलाखाली धरून प्यायची. टेबलं पुसताना बाटल्यांच्या तळाशी घोट-दोन घोट राहिलेले दिसायचे. फेकून द्यायला जिवावर यायचं. मी ते एका डब्यात ओतून ठेवू लागले. कशाला ठेवतेय, ते सुरुवातीला मलाही माहीत नव्हतं. एके दिवशी भट्टीसमोर उभं राहून पाय भरून आले, तेव्हा त्यातलं वाटीभर प्यायले. पाय दुखायचे थांबले.

लोक विचारतात, असं काय दुःख होतं? दुःख नव्हतं. नवरा चांगला होता, लेक हुशार होती, धंदा चालत होता. मला दारू आवडायची. जवसाच्या तेलाचा डबा मी मुद्दाम निवडला होता, कारण त्या तेलाच्या वासाखाली काहीही लपतं. नवरा स्वतः थेंबही घेत नसे. चहा आणि बुंदीचा लाडू, एवढीच त्याची चैन. मी पिते हे त्याला मरेपर्यंत कळलं नाही, की कळूनही तो बोलला नाही, हे मला आजही माहीत नाही.

तो गेल्यावर काही वर्षांनी माझे गुडघे गेले. खानावळ बंद झाली, टेबलांवरच्या बाटल्याही बंद झाल्या. डबा राहिला. तो भरायला मी डोक्यावर पदर घेऊन दोन चौक पलीकडच्या देशी दारूच्या दुकानात जायची. दुकानदारानं पहिल्यांदा विचारलं, "आजी, हे कोणासाठी?" मी म्हटलं, "गुडघ्याले चोळाले." त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. एवढे गुडघे चोळणारी बाई त्यानं दुसरी पाहिली नसेल.

लेकीनं मला धंतोलीत भरती केलं. आठ दिवस हात थरथरत होते, भिंतीवर मुंग्या दिसत होत्या. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, लिव्हर खराब व्हायला लागलं आहे, पण अजून वेळ गेलेली नाही. लेक रोज यायची, कागद बघायची आणि जायची. सुटी मिळाली त्या दिवशी खाटेशी उभी राहून म्हणाली, "आई, हे सुटलं तरच पोरगी तुझ्या घरात येईल. नाही सुटलं तर नाही येणार. मी भांडत नाही, रडत नाही. फक्त सांगून राहिली."

माझीच लेक आहे. मीही असंच सांगितलं असतं.

वॉर्डात एक आयाबाई होती. चादर बदलताना ती हळूच म्हणाली, "आजी, माझा नवरा नऊ वर्षं पेत होता. आता पेत नाही. दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता तुमच्याच महालात बैठक असते, शाळेच्या मागच्या खोल्यांत. जा. काही भजन-बिजन नाही, नुसतं बोलतात."

"बोलून काय होते?"

"पेऊन काय झालं?" ती म्हणाली आणि उशी झटकून निघून गेली.

शनिवारी मी निघाले. महालात शाळा काही एक नाही. मला वाचता येतं, पण वाचायला पाटीच नव्हती. असल्या बैठकीची पाटी कोण लावेल? पानठेल्यावर विचारलं, "इथं सभा कुठं आहे?"

"कोणती सभा?"

"आहे एक." दारूचं नाव तोंडातून निघेना.

त्यानं मला वर-खाली पाहिलं आणि समोरच्या सभागृहाकडे बोट दाखवलं. आत खुर्च्यांवर माझ्याच वयाची माणसं बसली होती. मला वाटलं, एवढी सगळी पितात? धीर आला. अर्धा तास बसले. मग एका मुलीनं माझ्या बोटाला सुई टोचली. ते साखरेच्या आजाराचं शिबिर होतं. माझी साखर उत्तम निघाली. मुलगी म्हणाली, "आजी, अशीच तब्येत ठेवा."

पुढच्या शनिवारी पुन्हा त्याच पानठेल्यावर गेले आणि सरळ विचारलं, "दारू सोडणाऱ्यांची बैठक कुठं असते?"

तो एकदम मऊ झाला. "बुढ्यासाठी काय, माय?"

मी म्हटलं, "हो."

पहिली थाप तिथं मारली. नवरा मरून बारा वर्षं झाली होती.

त्यानं सांगितलेल्या शाळेच्या मागे एक व्हरांडा होता. व्हरांड्याच्या दोन बाजूंना दोन खोल्या. दारात एक माणूस मोठ्या गंजात चहा करत होता. मला पाहताच म्हणाला, "या माय. घरच्यांची बैठक त्या खोलीत. इकडं पेणारे बसतात." त्यानं विचारलंसुद्धा नाही. लुगड्यातली म्हातारी, पांढरे केस, हातात पिशवी. ती कोणाच्या तरी पायी आलेली असणार. मी त्यानं दाखवलेल्या खोलीत जाऊन बसले.

तिथं दहा-बारा बाया होत्या. कोणाचा नवरा, कोणाचा मुलगा. एकीनं मला विचारलं, "तुमच्या घरी कोण पेते, माय?" मी म्हटलं, "मालक."

आणि मग मी सांगत सुटले. नवरा तेलाच्या डब्यात लपवतो. नवरा सकाळी दात घासायच्या आधी पितो. नवऱ्यानं भाचीच्या लग्नात मांडवात उलटी केली. नवरा दुकानदाराला सांगतो, गुडघे चोळायला पाहिजे. सगळं खरं होतं, फक्त माणूस चुकीचा होता. बाया चुकचुकल्या. "काय काय सोसलं वं माय तुम्ही!" एकीनं माझा हात धरला. मला बरं वाटलं. मेलेला माणूस तक्रार करायला येत नाही.

चार शनिवार मी तिथं गेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवारच्या मध्ये एकदा प्यायले. मग तोंडात लवंग धरून त्याच खोलीत जाऊन बसले आणि नवरा कसा सुधारत नाही ते सांगितलं. माझ्या शेजारी एक भाजीवाली बसायची, तिशीतली, मोठ्या आवाजाची. तिनं दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं.

चौथ्या शनिवारी भाजीवालीनं स्वतःची अडचण काढली. पितरांचा पंधरवडा आठ दिवसांवर आला होता. तिचा सासरा दारूनं मेला होता. त्यांच्या घरी दरवर्षी त्याच्या नावाचं पान गच्चीवर ठेवायचे. वडे, भजी, खीर, आणि त्याला आवडायची म्हणून ग्लासभर दारू. मेलेल्याला जे आवडायचं ते ठेवलं नाही तर कावळा शिवत नाही, असं सगळे मानतात. मीही मानते.

ती म्हणाली, "कावळा वडा घेऊन उडते. दारू तशीच राहते. मंग जेठ तो ग्लास उचलते आणि दोघं भाऊ वाटून घेतात, बापाचा प्रसाद म्हणून. माझ्या नवऱ्याले आता चाळीस दिवस झाले बिना दारूचे. प्रसादाले नाही कसा म्हणन तो? आणि मी ग्लास ठेवू नका म्हटलं, तर सासऱ्याले उपाशी ठेवलं म्हणून माझंच नाव होईल."

एक बाई म्हणाली, "पाणी ठेव ग्लासात. कावळ्याले काय समजते?"

"जेठाले समजते ना!"

सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "चहा ठेव वं. रंग तोच."

हसणं थांबल्यावर भाजीवाली माझ्याकडे वळली. "माय, तुम्ही मोठ्या आहा. तुमच्या सासऱ्याच्या पानावर काय ठेवता? आणि उद्या तुमचे मालक गेले, तर त्यांच्या पानावर काय ठेवसान?"

‘दारूच’ म्हणायला तोंड उघडलं. मला आमची गच्ची दिसली. केळीचं पान दिसलं. वडे, खीर. आणि माझी नात दिसली, दहा-बारा वर्षांची, दोन्ही हातांत ग्लास धरून जिना चढताना, सांडू नये म्हणून एकेक पायरी बघत. ते पान नवऱ्याचं नव्हतं. माझं होतं. आजीला काय आवडायचं? हे आवडायचं. ठेवा.

मी म्हटलं, "बुंदीचा लाडू."

"आणि?"

"चहा."

"आणि दारू?"

"तो पेत नव्हता."

भाजीवालीनं विचारलं, "मंग चार शनिवारपासून तुम्ही ज्याचं सांगून राहिल्या, तो कोण?"

"मी," मी म्हटलं. "तो मरून बारा वर्षं झाली. त्यानं जिंदगीत थेंब नाही घेतला. डबा माझा. मांडवात उलटी माझी. गॅस माझा." गॅसचं तोवर मी कोणाला सांगितलं नव्हतं. तेही सांगितलं. नात दोन हातांवर झोपली होती, हेही.

मला वाटलं, आता या मला हाकलतील. जी बाई दर शनिवारी माझा हात धरून बसायची, तिनं हात मागे घेतला. ते बरोबरच होतं. तिचा मुलगा पीत होता, आणि मी तिच्या मुलाच्या बाजूची निघाले.

भाजीवाली उठली. "चला," म्हणाली, "तुमची खोली ती नाही का?"

व्हरांडा आठ पावलांचा आहे. नंतर मी मोजला. त्या दिवशी तो मला खाप्यापर्यंत लांब वाटला. चहावाल्या माणसानं मला पाहिलं आणि सवयीनं म्हणाला, "माय, घरच्यांची तिकडं."

"चार हप्ते बसली तिकडं. आता इकडं बसाचं हाये."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी. पेणारी मी हाये."

त्याच्या हातातली गाळणी तशीच राहिली. भाजीवाली मागून म्हणाली, "चहा उतू चालला गा भाऊ. बाजूले हो, जाऊ दे बुढीले."

आत वीसेक माणसं होती. बाई एकही नाही. त्यात भाजीवालीचा नवराही होता, चाळीस दिवसवाला. सगळे एकदम उभे राहिले, जशी काही मी त्यांची आई होते आणि त्यांना पकडायला आले होते. एकानं बिडी विझवली. दुसऱ्यानं पंख्याखालची खुर्ची पुसून दिली. ज्याची बोलायची पाळी होती तो थांबला होता, म्हणून मीच सुरू केलं. चार आठवडे नवऱ्याच्या नावावर सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी बरोबर माणसाच्या नावावर. त्याला जास्त वेळ लागला नाही. खरं सांगायला थोडकेच शब्द लागतात, मधे सजावट करावी लागत नाही.

कोपऱ्यात एक म्हातारा ट्रक ड्रायव्हर बसला होता. त्यानं विचारलं, "किती वर्षं पेल्या, माय?"

"सत्तावीस."

तो बाकीच्यांना म्हणाला, "ऐका रे! आजपासून इथली सिनियर ही. मी उगीच मिरवून राहिलो होतो."

सगळे हसले. मीही हसले. दारू न पिता किती दिवसांनी हसले, ते मला आठवत नव्हतं.

निघताना व्हरांड्यात भाजीवाली भेटली. मी म्हटलं, "तुले माहीत होतं का वं?"

"पहिल्या नाही, पण तिसऱ्या शनिवारी समजलं. तुमच्या तोंडाले लवंगेचा वास होता. माझा नवराही लवंगच चावत होता."

"मंग पितराचं मुद्दाम विचारलं?"

"नाही वं माय. ते मले खरंच विचाराचं होतं."

तिच्या पितराचं मी सोडवलं. तिथी होती त्या दिवशी मी तिच्या घरी जाऊन बसले. माझं वय बघून जेठ पाया पडला. मी त्याला म्हटलं, "ग्लास मीच ठेवते, बुढ्या माणसाचा मान." गच्चीवर ग्लास पानावर ठेवला. कावळा वडा घेऊन उडाला आणि मी ग्लास उचलून गच्चीवरून खाली नालीत ओतला. जेठ म्हणाला, "अहो आजी, प्रसाद होता!" मी म्हटलं, "तुझ्या बापानं पेला. आता त्याचं पोट भरलं." तो वास नाकात गेला तेव्हा एक घोट घ्यावासा वाटला, ते कबूल करते. पण ओतला. ड्रायव्हर म्हणायचा की वासापासून चार हात दूर राहा. त्याचं बरोबर होतं. मी पुन्हा असलं धाडस केलं नाही. तेलाचा डबा भंगारवाल्याला देऊन टाकला.

त्या चौथ्या शनिवारनंतर मी प्यायले नाही. प्यावंसं वाटलं, पुष्कळदा. वाटतं तसं ते जातंही, शनिवारपर्यंत थांबता आलं की झालं. लॉकडाऊनमध्ये बैठक फोनवर व्हायची. दारूची दुकानं उघडली तेव्हा रांग आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती. मला वांगी आणायची होती. मी त्या रांगेच्या बाजूनं गेले आणि वांगी घेऊन त्याच बाजूनं परत आले. माझ्या आयुष्यात मी एवढ्या ताठ मानेनं वांगी आणलेली नाहीत.

लेक मात्र लगेच फसणारी नव्हती. दर रविवारी यायची, एकटी. माझ्या तोंडाजवळ नाक आणून वास घ्यायची, चहा प्यायची, जायची. आठ महिने. मी एकदाही म्हटलं नाही की आता पुरे. तिला हक्क होता. नवव्या महिन्यात एका रविवारी ती पोरीला घेऊन आली. पोरगी माझ्या घरात सोडली आणि स्वतः बाहेर पायरीवर बसून राहिली, एक तास. आत आली नाही. मी आत पोरीला बेसनाची पाटोडी करून दाखवत होते, गॅस लावून, तिच्या देखत. गॅस बंद करताना बटण दोनदा तपासलं. दार उघडंच ठेवलं होतं. पोरगी घरात असताना मी आजही कडी लावत नाही.

तास झाल्यावर लेक आत आली, ओट्यावरची पाटोडी उचलून खाल्ली आणि म्हणाली, "तिखट झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोरीला माझ्याकडे सोडून कामावर गेली.

आता घरच्यांच्या खोलीत नवी बाई आली आणि फार तपशीलवार सांगू लागली, की भाजीवाली मला खूण करते. मी त्या नव्या बाईला व्हरांड्यात बोलावून विचारते, "बाई, पेणारा कोण?" आतापर्यंत तिघी माझ्याबरोबर आठ पावलं चालून आल्या. एक शिक्षिका होती. ड्रायव्हरनं पंख्याखालच्या खुर्च्या वाढवल्या.

दरवर्षी पितरांच्या पंधरवड्यात नवऱ्याचं पान मी नीट करते. वडे, खीर, बुंदीचा लाडू आणि कपभर चहा, जास्त साखरेचा. पहिल्या वर्षी पान ठेवताना त्याला सांगितलं, चार शनिवार तुझ्यावर नाही ते घातलं, ते परत घेतलं. कावळा लगेच आला. लाडू घेऊन गेला. चहा मी प्यायले.

यंदा नातीनं गच्चीवर विचारलं, "आजी, तुझ्या पानावर काय ठेवायचं?"

"पाटोडीचा रस्सा," मी म्हटलं. "आणि असा तिखट कर की कावळ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

"बस? अजून काही आवडत नाही तुला?"

"आवडायचं. आता नाही ठेवायचं."

तिनं मान हलवली आणि रिकामी ताटली घेऊन जिना उतरली. तिच्या आईनं तिला सगळं सांगितलं आहे. मीच सांगायला लावलं.

त्या सकाळी गॅस सुरू असताना घरात आम्ही दोघी होतो. ती आता नऊ वर्षांची आहे. मी एकाहत्तरची. दोघी जगलो.